मशीन खराब न्हाई, दादा

हैदराबाद
रविवार, १० ऑगस्ट

दादा,

अक्षर ओळखून पत्र चुलीत घालू नको. आधी वाच, मंग घाल. सव्वा वर्ष झालं आपण बोललो न्हाई, आणि मी काही माफी मागायला लिहीत न्हाई. मी एक मशीन घेतली, तेवढं सांगायचंय.

सिंथेसायझर म्हणतात तिला. दिसायला आपल्या कॅसिओवानी, पण कॅसिओ न्हाई. बत्तीस पट्ट्या, आणि वर निसत्या गोल खुंट्या, जुन्या रेडिओला असायच्या तशा. आत एक पण गाणं न्हाई. ढोलक न्हाई, बासरी न्हाई. भुंग्यासारखा एक आवाज निघतो, आणि खुंट्या फिरवून त्याची बासरी करायची का भोंगा करायचा ते आपलं आपण बघायचं. बंद केली की सगळं विसरती. माझा खोलीतला जोडीदार घनसावंगीचा हाय, वय तेवीस, नाव अण्णासाहेब. तो म्हणतो, "इतक्या खुंट्या आन गाणं एक न्हाई? तुला फसिवलं बबल्या. परत दे आन शिलाई मशीन घे, निदान चड्डी तरी शिवशील."

घेतली कुणाकडून ते ऐक. श्रेयांसकडून. भोकरदनच्या उत्तमचंद शेठचा नातू, पलकताईचा भाऊ. हां, त्याच लग्नातला. त्या दिवशी वरात निघायच्या आधी तो आपल्या बँजो पार्टीच्या गाडीवर माझ्याजवळ आल्ता. म्हणला, "तुझा हात चांगला हाय. हैदराबादला आला तर खरी मशीन दाखवीन." मंग वरातीत काय झालं ते तुला माहीत हाय. मी घर सोडलं ते त्याच्याच फोन नंबरच्या भरवशावर सोडलं. त्यानं आता मोठी मशीन घेतली, म्हणून ही जुनी मला दिली. किंमत विचारू नको. मी इथं पत्र्याच्या कंपनीत प्रेसवर हाय, ह्या वेळी टिकलो हाय, पुण्यावानी पळालो न्हाई.

फोन मात्र करू नको. माझ्या फोनची काच फुटली हाय.

आन एक. घरात रातकिडा घुसला की तू कसा शोधायचा? ह्या खोलीत एक हाय. दिवसाढवळ्या ओरडतो. मी सगळं सामान बाहेर काढलं, गादी झटकली, सापडत न्हाई. अण्णासाहेब म्हणतो त्याला ऐकूच येत न्हाई. त्याचं ध्यान कुठं असतं.

बबलू


हैदराबाद
रविवार, २४ ऑगस्ट

दादा,

उत्तर आलं न्हाई. येईल असं धरलंच न्हवतं.

मशीन खराब निघाली. तिला एक मोठी खुंटी हाय, ती फिरवली की सूर वर वर जातो. काल मी नेत गेलो. आधी भुंगा, मंग शिट्टी, मंग बारीक शिट्टी, आणि मंग काहीच न्हाई. खुंटीला अजून अर्धा फेरा बाकी. म्हणजे वरचे सूर मेलेले. अण्णासाहेब कांदा चिरून राह्यला व्हता. मी म्हणलं, "बघ, अर्धी मशीन मेलेली दिली शेठच्या नातवानं." तर त्यानं दोन्ही कानावर हात ठेवले. "अरे बंद कर ना बाबा, दात शिवशिवून राह्यले माझे."

"आवाजच न्हाई तर बंद काय करू?"

"चिलटावानी येऊन राह्यला की! गंमत करतो का बबल्या?"

गंमत तोच करून राह्यला. मी त्याला भिंतीकडं तोंड करून बसवलं. म्हणलं, मी पट्टी दाबली की हात वर करायचा. दहा वेळा दाबली, मधी मधी थांबून. दहाच्या दहा वेळा त्यानं बराबर हात वर केला. पट्टीचा खटका ऐकू येत असंल त्याला. बाकी काय?

एक सांगतो, मायला सांगू नको. रातकिडा कंपनीत पण हाय. जेवायच्या सुट्टीत प्रेस बंद झाल्या की चालू होतो. शुक्रवारी बसमधी पण व्हता. एकच किडा इतका पिच्छा करतो का? खिशात असंल म्हणून मी खिसे उलटे केले, बसमधी, लोकं बघून राह्यले व्हते.

सुपरवायझर पण पाठीमागं लागलाय. "सुनता नै क्या रे?" म्हणतो. मागून बोलतो आन म्हणतो सुनता नै.

येत्या रविवारी मशीन परत नेतो. खराब ते खराब, मी तोंडावर सांगतो. तुला पण तोंडावरच सांगितलं व्हतं. भर वरातीत हात वर करून बँड थांबवला आन म्हणलं, "दादा, तुझा बँजो चढलाय." तू सगळ्यांसमोर कानफाडात मारली. तरी मी तेच म्हणलं. आज पण तेच म्हणतो.

बबलू


हैदराबाद
रविवार, ३१ ऑगस्ट

दादा,

मशीन खराब न्हाई.

श्रेयांसच्या घरी गेल्तो. लई बोललो त्याला. म्हणलं, आपल्याकडचा माणूस समजून घेतली आन तू मेलेली वस्तू गळ्यात मारली. त्यानं मशीन समोर ठेवली. वायर जोडली, खुंटी वर नेली, माझ्याकडं बघत राह्यला. मी म्हणलं, "बघ ना, कुठं हाय आवाज?" तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याची आजी ओरडली. लाडबाई, पंचाहत्तर वय हाय तिचं. "श्रेयांस, ती शिट्टी बंद कर की रे, माझे कान फोडतो का?"

दादा, त्या म्हातारीला ऐकू आलं.

मंग त्यानं हेडफोन दिला. सूर खाली आणला, मला नीट ऐकू येईल इतका. एक पट्टी दाबून ठेवली आणि म्हणला, आता एकाच कानानं ऐक. मंग हेडफोन काढून दुसऱ्या कानाला लावला. मी म्हणलं, "पट्टी काहून बदलली?" म्हणला न्हाई बदलली. परत केलं. मी म्हणलं, "बदलली, मला काय शिकवतो!" तवा त्यानं माझंच बोट पट्टीवर ठेवलं. बोट माझं, पट्टी एक. एका कानात एक सूर, दुसऱ्या कानात त्याच्याहून चढलेला. लई न्हाई, पाव सूर. पण चढलेला.

मी बोट उचललंच न्हाई किती येळ. उचललं असतं तर बोलावं लागलं असतं.

रातकिडा खोलीत न्हाई. आज आल्यावर मी खुंटी हळूहळू वर नेली. जिथं मशीनचा आवाज माझ्यासाठी संपतो, बराबर तिथून त्याचा चालू होतो. तो माझ्या कानाच्या आत हाय.

फोनची काच पण फुटलेली न्हाई. फोनवर मला माणसाचं बोलणं आता चिंध्या चिंध्या येतं, स कुठं, फ कुठं कळत न्हाई. तू काय बोलला ते कळलं न्हाई तर मी काय उत्तर देऊ, म्हणून पत्र.

मी भ्यालोय दादा. आबा गेले तवा पण असा भ्यालो न्हवतो. माझ्याकडं शाळा न्हाई, सातवीतून उठलो. हातात दुसरा धंदा न्हाई. निसता कान व्हता.

बबलू


हैदराबाद
रविवार, १४ सप्टेंबर

दादा,

आधी हे सांगतो, हात शाबूत हाय. मंगळवारी प्रेसमधी पत्रा अडकला व्हता, मी काढायला वाकलो. पलीकडचा ओरडला, "चालू करून राह्यलो!" तो दोनदा ओरडला म्हणे. मला काहीच न्हाई. अण्णासाहेबानं मागून कॉलर धरून ओढलं, दोघं पाठीवर पडलो, आणि प्रेस खाली आली. तो पडल्या पडल्याच रडला आणि मला आयमाय काढून शिव्या दिल्या. त्या मात्र सगळ्या नीट ऐकू आल्या. बुधवारपासून मला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलंय.

मंग त्यानंच मला सरकारी दवाखान्यात नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी अंदाजानं पण दाबलं थोडं, पास व्हावं म्हणून. डॉक्टरीणबाईला कळलं. ती म्हणली, "इथं पास-नापास काही नसतं बेटा."

तिनं विचारलं आवाजाजवळ किती दिवस हाय. मी म्हणलं, प्रेसवर एक वर्ष. म्हणली, त्याच्या आधी? तवा मी आपली बँजो पार्टी सांगितली. दादा पुढं चालतो, गळ्यात बँजो. मी मागं गाडीवर, कॅसिओ घेऊन. उजव्या बाजूला स्पीकरची पेटी, कानापासून हातभर लांब. किती वर्षं? आठ. तिनं पेन खाली ठेवला. उजव्या कानातलं जे गेलं ते गेलं म्हणली. डावा बराच चांगला हाय. पण आता आवाजातून निघाला न्हाई तर तो पण त्याच वाटेनं जाईल.

आता जे लिहितो त्याच्यासाठी मी तीन कागद फाडलेत.

आबांनी तुला लावून दिलेली रीत, मी तिला पण सांगितली आणि श्रेयांसला पण. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या पार्टीनं आपल्या गावच्या, धावड्याच्या मारुतीपुढं बसायचं. आबा घंटा एकदाच वाजवायचे. कुणी खोकायचं पण न्हाई. आणि त्या घंटेला बँजो लावायचा, वर्षभर तीच पट्टी. कॅसिओ कंपनीतून आपला सूर घेऊन येतो, तो घंटेच्या जरा वर असतो, म्हणून त्याला दर वेळी बटणानं खाली आणून बँजोला मिळवायचं. बंद केला की विसरतो, म्हणून दर लग्नाला मिळवायचं. ते काम माझं.

पलकताईच्या लग्नाच्या सकाळी माझ्या हेडफोनची एकच बाजू चालू व्हती. उजवी. कॅसिओ मी उजव्या कानात ऐकला आणि तुझा बँजो मोकळ्या डाव्या कानानं. उजव्यात तो चढलेला वाटला, म्हणून मी अजून खाली आणला, दोन्ही सारखे वाटले तवर. मंग वरातीत स्पीकरवर दोन्ही एकत्र आले आणि भांडले.

श्रेयांसकडं वरातीचा व्हिडिओ हाय. त्यानं आपली मशीन लावून सूर मोजला. तू एकटा सुरुवातीला वाजवतो तिथं एकदा, मी बँड थांबवला तिथं एकदा. तुझा बँजो जागचा हलला न्हवता. कॅसिओ खाली व्हता.

मी भर वरातीत आबांच्या घंटेला खोटं पाडलं दादा. तुझं खरं व्हतं. कुणाला विचारायचं तर विचार, मी लिहून दिलंय.

बबलू


हैदराबाद
रविवार, ५ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र परवा मिळालं. हे पत्र दादाच्या हातात देऊ नका. तो उघडणार न्हाई. तो जेवायला बसला की तुम्ही मोठ्यानं वाचा. उठून गेला तर दारात उभं राहून वाचा.

दादा,

वहिनीनं लिहिलंय की माझं तिसरं पत्र वाचून तू बँजो पेटीत घातला. चौथं न फोडताच त्याच्यासंगं आत टाकलं. नवरात्रात देवीच्या मिरवणुकीची सुपारी परत केली. पार्टीतले घरी आले तर म्हणलास, "ज्या हातानं भावाचा कान फोडला त्या हातानं वाजवायचं काय?" आणि माय पण तुलाच बोलती म्हणे, मारायचं तर पाठीत मारायचं, कानात मारत न्हाईत.

वहिनी, इथून हळू वाचा.

तू उजव्या हातानं मारलं. समोर उभं राहून. ते माझ्या डाव्या गालावर बसलं. माझा उजवा कान गेलाय. ऐकलं का? उजवा. मी तिसऱ्या पत्रात "एका कानात" लिहिलं, कोणत्या ते लिहिलं न्हाई, ही चूक माझी. तू ज्याच्यावर मारलं तोच कान चांगला राह्यलाय. डॉक्टरीणबाईचा कागद संगं पाठवतो. त्याच्यावर दोन रेघा हायेत, लाल रेघ उजव्या कानाची, ती खाली पडलेली, निळी डाव्याची. वहिनीला दाखव, न्हाईतर धावड्यात कुणा शिकलेल्याला दाखव.

माझा कान लग्नाच्या आधीच गेल्ता. स्पीकरनं गेला, आठ वर्षांत थोडा थोडा, आणि तू मला चारदा म्हणलास की पेटीला पाठ करून बस, मी बसलो न्हाई, कारण पोरी वरातीत त्या बाजूनं असायच्या. हे वहिनी वाचतील म्हणून लिहायला लाज वाटते, पण खरं हाय.

चौथं पत्र फोड. त्याच्यात मी सगळं लिहिलंय. तुझा बँजो चढला न्हवता.

दादा, मला माझ्या कानाची भीती व्हती, आता दुसरीच लागली. माझा एक कान गेला तर मी कसा पण जगीन. तुझा हात गेला तर आबांच्या घंटेचं कोण ऐकंल? तुळशीचं लग्न महिन्यावर आलंय.

बबलू


हैदराबाद
रविवार, १२ ऑक्टोबर

दादा,

चौथं पत्र फोडलं का न्हाई, मला माहीत न्हाई. उत्तराची वाट बघायची हिंमत न्हाई म्हणून मीच येऊन राह्यलो. कंपनीचं काम सोडलं. अण्णासाहेब म्हणला, "आता तू गेल्यावर मी कुणाला शिव्या देऊ?" मी म्हणलं मोठ्यानं दे, घनसावंगीपर्यंत दे, मला तशाच ऐकू येतात. त्यानं मशीनसाठी जुन्या पोत्याची पिशवी शिवून दिली. हातानंच शिवली.

मशीनचं सांगतो. ह्या आठवड्यात मी एक काम केलं. आबांची घंटा आठवून आठवून काढली. डाव्या कानानं निसती. एक खुंटी सुराची, एक आवाज कडक-मऊ करायची, एक घंटेचा आवाज विझत जातो तसा विझवायची. पहिल्या दिवशी पातेल्यासारखी वाजली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या घंटेसारखी. काल संध्याकाळी मात्र माझे केस उभे राह्यले. मी ताबडतोब सगळ्या खुंट्यांवर चिकटपट्टी लावली, हलू नयेत म्हणून. मशीन बंद केली की विसरती, पण खुंट्या जिथल्या तिथं राह्यल्या तर परत तेच बोलती.

पण ती खरी घंटा हाय का मला वाटलेली, ते इथं कुणी सांगू शकत न्हाई. श्रेयांस म्हणला, घरी फोन लाव, ते घंटा वाजवतील, मी मोजून देतो. मी न्हाई म्हणलो. मला फोनवरून कळायला नको.

मी रविवारी १९ तारखेला येतो. जालन्याला उतरून भोकरदनची गाडी धरीन, दुपारपर्यंत धावड्यात. घरी आधी येणार न्हाई. मारुतीपुढं बसतो. तिथं वायर लावायला पुजाऱ्याच्या खोलीत जागा हाय. मशीन गरम व्हायला दहा मिनिटं लागतात, तवर सूर हलतो, म्हणून तू आल्या आल्या घंटा वाजवू नको. बस जरा. पाणी पी.

मंग एकदाच वाजव, आबांसारखी. ती विझली की मी पट्टी दाबीन. मी तुझ्या तोंडाकडं बघणार न्हाई, मुंडी खाली ठेवीन.

जुळलं तर मला माझा डावा कान भेटला. न्हाई जुळलं तर काही बोलू नको. चिकटपट्टी काढ आणि खुंटी तू फिरव, घंटेला मिळेपर्यंत. मशीन तुझ्या हाताखालची हाय, माझ्या न्हाई. काही झालं तरी बँजो संगं घेऊन ये. पेटीत ठेवला तर तारा गंजतात, तुला मी काय सांगू.

गाडीवर मी परत बसणार न्हाई, डॉक्टरीणबाईनं बंदी घातलीय. मंग तुझ्या पार्टीत मी काय करणार ते मला माहीत न्हाई. कधी कधी वाटतं काहीच न्हाई. बस धावड्याच्या फाट्यावर थांबल्यावर पाय उतरतील का न्हाई, ह्याची पण भीती वाटते.

तू आला तर माझ्या डावीकडं बस. मी तुझ्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे माझा चांगला कान तुझ्याकडं राहील. शिव्या द्यायच्या असल्या तरी तिकडूनच दे. तू मारलेला तोच हाय, त्याला तुझी ओळख हाय.

बबलू